तेल गळत नव्हतं, पाणी शिरत होतं

दोंडाईच्यात माझं रोजचं काम सबमर्सिबल मोटारी आणि पंपांचं. होडीचं इंजिन क्वचित येतं. पण सारंगखेड्याच्या बॅरेजमुळे तापीत पाणी तुंबून राहतं, आणि तिथल्या भोई मंडळींकडे वल्ह्यांच्या होड्यांबरोबर एखाददुसरं इंजिनही सापडतं. असंच जॉन्सन कंपनीचं एक जुनं, होडीच्या मागे टांगायचं इंजिन, १९६० च्या दशकातलं, त्यांच्यातले आप्पा रिक्षात घालून घेऊन आले. पुलावरून कोणी नदीत पडलं की शोधायला आप्पांनाच बोलावतात, त्यामुळे हे इंजिन पडून राहणं बरं नव्हतं.

“दादा, हाई इंजन मन्हा बापनं शे. दुरुस्त व्हई का?”

तक्रार अशी की खालच्या, पाण्यात बुडणाऱ्या गिअरकेसमधलं तेल दर वेळी पांढरं होतं. एका कारागिराने ऑइल सीलं, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी कड्या, नवी बसवून दिली होती, तरी तेच. मी खालचा ड्रेन स्क्रू काढला. आधी थोडं नुसतं पाणी आलं, मग दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं तेल. बोटांवर चोळून पाहिलं, धातूचा कीस लागला नाही. गिअर वाचले होते, जीव भांड्यात पडला.

या जातीच्या बऱ्याच इंजिनांत ड्रेनजवळ फुलीच्या खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. तो तेलाचा नाही. आत गिअर बदलणारा काटा त्याच्यावर धरलेला असतो. चुकून तो काढला की काटा निसटतो आणि अख्खी गिअरकेस उघडावी लागते. त्याला हात लावू नका.

व्हेंटच्या, म्हणजे वरच्या स्क्रूच्या, भोकात निपल बसवून हवा भरली, आधी थोडी, मग १५ पौंडांच्या आसपास. सगळीकडे साबणाचं पाणी फासलं. बुडबुडा नाही, गेजचा काटा जागचा हलला नाही. बाहेर तेलाचा थेंबही कधी दिसला नव्हता, असं आप्पाही सांगत होते. मग पाणी येत होतं कुठून?

इंजिन नदीत कसं वागतं ते डोळ्यांसमोर आणलं. चालताना गिअरकेस तापते, आतलं तेल आणि हवा फुगते. इंजिन बंद केलं की नदीचं गार पाणी तिला झटकन थंड करतं, आतलं सगळं आकसतं आणि बाहेरून ओढ लागते. पाणी शिरतं ते तेव्हा. म्हणजे चाचणीही उलटी घ्यायला हवी. शेजारच्या फ्रिजवाल्या भाऊंचा व्हॅक्यूम पंप आणला आणि बेताने ओढ दिली. काटा बघता बघता शून्यावर आला.

पाणी कापणारा पंखा काढला. मागे शाफ्टला तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, गुंडाळला गेला की तो सील कापतो, म्हणून आधी तेच पाहिलं, तंगूस नव्हता. मागचं हाउसिंग ओढून काढलं आणि कारण समोर दिसलं. दोन सीलं होती. सीलच्या एका बाजूला बारीक स्प्रिंग असते, ती रबराचा ओठ शाफ्टवर दाबून धरते. इथे दोन्हींच्या स्प्रिंगची बाजू आत. ज्याला अडवायचं त्याच्याकडे स्प्रिंग हवी, एवढाच नियम. इथे एका सीलने तेल अडवायचं आणि दुसऱ्याने नदी, म्हणून दोघांच्या पाठी एकमेकांना लागलेल्या हव्यात. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचा हात असलेला माणूस दोन्ही आत तोंड करून बसवणारच; तिथे बाहेर नदी नसते.

सीलं इंचाच्या मापाची. जवळच्या मिलिमीटरच्या मापात फरक केसाएवढा, पण पाण्याला तेवढी वाट पुरते, म्हणून धुळ्याच्या बाजारातून इंचाचीच मागवली. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडली होती. बाहेरचं सील जरासं कमी खोल बसवलं, म्हणजे त्याचा ओठ चरीत न पडता कोऱ्या जागेवर फिरेल. दोन सीलांच्या मध्ये ग्रीस भरलं. हाउसिंग सरकवताना पिनच्या भोकाची धार ओठाला लागू नये म्हणून शाफ्टवर टेप गुंडाळला. टेप न लावता घाईने सरकवलं की नवं सील फाटतं. वरच्या उभ्या शाफ्टचं सील, गिअरच्या दांडीची ओ-रिंग, दोन्ही स्क्रूंचे वॉशर आणि उघडलंच आहे म्हणून पाण्याच्या पंपाचं इम्पेलरही बदललं.

दोन्ही चाचण्या पुन्हा घेतल्या. दाब टिकला, ओढही टिकली. तेल खालून भरलं, म्हणजे हवा वरून निघून जाते. व्हेंटमधून तेल आलं की आधी वरचा स्क्रू आणि मगच खालचा.

काही फेऱ्या झाल्यावर आप्पांनी ड्रेनमधून चमचाभर तेल काढून आणून दाखवलं. जसं भरलं होतं तसंच होतं. आता जाळं टाकून आले की ते पंखा काढून मागे तंगूस अडकलाय का ते बघतात.