कांदा परतायला खरोखर किती वेळ लागतो

पाककृतीत ‘कांदा सोनेरी होईपर्यंत परता (५ मिनिटे)’ असं लिहिलेलं दिसलं की माझा त्या पाककृतीवरचा विश्वास तिथल्या तिथे उडतो. ५ मिनिटांत कांदा सोनेरी होत नाही. माझ्या कढईत नाही, तुमच्या कढईत नाही, कुणाच्याच नाही. ५ मिनिटांत तो जेमतेम मऊ पडायला लागतो, कडा पारदर्शक दिसतात, बस. दोन-तीन मध्यम कांदे बारीक चिरून मध्यम आचेवर टाकले तर गुलाबी व्हायला दहा-बारा मिनिटं जातात. चांगले बदामी हवे असतील तर वीस-पंचवीस. आणि गडद, चिकट, चमच्याने उचलून नुसते खावेसे वाटतील असे हवे असतील तर पाऊण तास धरून चालायचं.

हे इतक्या तळमळीने लिहिते आहे ते माझ्या धाकट्या बहिणीमुळे. ती अलीकडेच एकटी राहायला लागली आणि रोजचा स्वयंपाक पहिल्यांदाच तिच्या हातात आला. संध्याकाळ झाली की तिचे मेसेज सुरू होतात.

“ताई, ५ मिनिटं झाली. कांदा पांढराच आहे.”

“असू दे.”

“गॅस मोठा करू?”

“अजिबात नको. कडा करपतील आणि आतून कच्चा राहील.”

“मग माझं काय चुकतंय?”

“काही नाही चुकत. चिमूटभर मीठ घाल, झाकण ठेव आणि मला सांग, तुझ्या त्या नव्या साहेबांचं काय झालं?”

‘माझं काय चुकतंय’ हे मला फार लागलं. तिने कांदा नीट चिरला होता, तेल बेताचं होतं, आच बरोबर होती. तरी तिला वाटत होतं की आपल्या हाताला काही जमतच नाही. वेळेचा चुकीचा आकडा छापला जातो आणि चूक मात्र येते स्वयंपाक करणाऱ्याच्या माथी. नव्याने शिकणारी माणसं अशा आकड्यांपायी हिरमुसतात, आणि ‘मला स्वयंपाक येत नाही’ असं स्वतःबद्दल पक्कं ठरवून टाकतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

वेळ का लागतो, ते एकदा समजलं की कढईपुढे उभं राहणं सोपं जातं. कांद्याच्या वजनात जवळजवळ ८९ टक्के पाणी असतं. म्हणजे अर्धा किलो कांदा कढईत टाकला की त्यात साधारण साडेचारशे मिलिलिटर पाणीच असतं. ते जोवर आत आहे तोवर कांद्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही, खाली आच कितीही असली तरी. तोवर कांदा एका अर्थी उकडतच असतो. भाजल्याचा तो वास आणि बदामी रंग ज्या क्रियेमुळे येतो, तिला जोर चढतो १४० अंशांच्या आसपास. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातल्या या क्रियेचं वर्णन लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं, आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तर आधी पाणी जायला हवं, मग रंग. गॅस मोठा केला की पाणी लवकर उडतं हे खरं, पण बुडाशी असलेल्या फोडी कोरड्या होऊन काळ्या पडतात, वरच्या अजून ओल्याच असतात. मग पुढे काहीही घाला, तो कडवटपणा शेवटच्या घासापर्यंत सोबत राहतो.

मी करते ते असं. तेल तापलं की कांदा आणि थोडं मीठ एकदमच घालायचं. मीठ कांद्यातलं पाणी बाहेर ओढतं, त्यामुळे सगळ्या फोडी एकसारख्या मऊ होतात. सात-आठ मिनिटं झाकण. या वेळात ढवळायचीसुद्धा फारशी गरज नसते, बाकीची तयारी करून घ्यावी. मग झाकण काढायचं आणि ते पुन्हा ठेवायचं नाही, कारण आता वाफ जायला हवी. दर दोन-तीन मिनिटांनी उलथनं फिरवायचं. कढई मात्र पसरट हवी. छोट्या पातेल्यात ढीगभर कांदा घातला तर तो आपल्याच वाफेत शिजत बसतो.

थोड्या वेळाने बुडाला तपकिरी थर धरायला लागतो. तिथे घाबरायचं नाही. एक चमचा पाणी टाकायचं आणि उलथन्याने खरवडून तो थर कांद्यात मिसळून घ्यायचा. बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती ओरडलीच, “ताई, इतका वेळ पाणी घालवलं आणि आता परत पाणी?” तिची शंका अगदी रास्त होती. पण चमचाभर पाणी अर्ध्या मिनिटात उडून जातं आणि जाताना बुडाची सगळी चव फोडींना लावून जातं. असं दोन-तीनदा केलं की कांद्याला जो रंग येतो तो नुसत्या तेलात परतून येत नाही.

आणि तो गोड होतो. साखर न घालता. कच्च्या कांद्यातही साखर असतेच, १०० ग्रॅममध्ये साधारण ४ ग्रॅम, पण गंधकाच्या संयुगांचा झणझणीतपणा तिला पुढे येऊ देत नाही. आचेवर ती संयुगं उडतात, बदलतात, पाणी आटतं, आणि तीच साखर थोडक्या कांद्यात गोळा होते. म्हणून वरून साखर भुरभुरायचा सल्ला मला पटत नाही. थांबलं तर हवी तेवढी गोडी कांदा स्वतःच देतो.

टोमॅटोबद्दलही सांगायला हवं, कारण बहिणीने वेळ वाचवायला दोन्ही एकदम घालू का म्हणून विचारलं होतं. नको. भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सहजासहजी सुटत नाही, त्यामुळे टोमॅटो लवकर पडला की कांदा कितीही शिजवला तरी दाताखाली कचकचत राहतो. खाण्याच्या सोड्याचं याच्या बरोबर उलट. चिमूटभर सोड्याने रंग झटपट येतो, पेक्टिनही भराभर विरघळतं आणि कांद्याचा लगदा होतो. लगदाच हवा असेल तर ठीक, पण सोड्याची साबणासारखी चव मला लगेच कळते, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

येल विद्यापीठाच्या संग्रहात मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्या आहेत, सुमारे इ. स. पू. १७३० मधल्या. त्यांवर रश्श्यांच्या कृती कोरल्या आहेत आणि त्यांत कांदा आहे, लसूण आहे, कांद्याच्या पातीसारखी दिसणारी लीक ही भाजी आहे. कृती अगदी त्रोटक आहेत, वेळेचे आणि मापांचे तपशील जवळजवळ नाहीतच. मला ते फार आवडलं. वाचणाऱ्याला कांदा बघून कळेल, एवढा भरवसा त्या लिहिणाऱ्याने ठेवला होता.

आमच्या घरी कांदा चिरायचं काम नवऱ्याचं आणि परतायचं माझं. डोळ्यांतून पाणी येऊ नये म्हणून लोक काय काय सांगतात, त्यातलं बरंच त्याने करून पाहिलं आहे. तोंडात पावाचा तुकडा धरण्याने काही होत नाही. पोहण्याचा चष्मा लावला तर होतं, कारण डोळ्यांपर्यंत वायू पोचतच नाही. पण रोजच्याला सगळ्यात बरं म्हणजे धारदार सुरी आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेला कांदा. कांद्याच्या पेशीत विकरं, म्हणजे एन्झाइम, एका कप्प्यात आणि गंधकाची संयुगं दुसऱ्या कप्प्यात असतात. सुरीने पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. बोथट सुरी पेशी चिरडते, धारदार सुरी कमी पेशी फोडते, आणि थंडीत विकरांचं काम मंदावतं. हा वायू तयार करणारं खास विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढलं. तोवर असं वेगळं विकर असेल हेच लक्षात आलं नव्हतं. या कामाला २०१३ मध्ये रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. नवऱ्याने ही बातमी वाचून दाखवली तेव्हा आमची मुलगी म्हणाली, “बाबा, म्हणजे तुम्ही रडत नाही, प्रयोग करता.” तेव्हापासून कांदे चिरायची वेळ झाली की ती हाक मारते, “बाबा, प्रयोगशाळेत या!”

चिरताना दिशेकडे लक्ष द्यावं. शेंड्यापासून मुळाकडे उभा चिरला तर फोडी परतल्यावरही आकार धरून राहतात. आडवा चिरला तर लवकर विरघळतात. रश्शासाठी आडवा, सुक्या भाजीसाठी उभा.

आता घरातली खरी गोष्ट. त्या वीस मिनिटांत मला ओट्यापासून हलता येत नाही. फोन घ्यायचा नाही, कपडे वाळत घालायला जायचं नाही. आणि मी कुठे जाणार नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगी येऊन ओट्याला टेकते. समोर बसवून ‘बोल’ म्हटलं तर ती कधी बोलत नाही, पण माझे डोळे कढईत असले की सगळं सांगते. कुठल्या मैत्रिणीशी अबोला आहे, कुठला विषय डोक्यावरून चालला आहे, पुढे काय शिकावंसं वाटतं आहे. मी मधूनमधून ‘हं’ म्हणते आणि उलथनं फिरवते. नवराही सुरी धुऊन तिथेच घुटमळतो. पुढचा स्वयंपाक मी पटापट उरकते, प्रेशर कुकर लावते, भाज्या आदल्या रात्री निवडून ठेवते, वेळ वाचवायला माझी काहीच हरकत नाही. पण ही वीस मिनिटं मी कुणाला कमी करू देत नाही.

‘जेवायला किती वेळ आहे?’ या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे रंगात मिळतं. मुलगी डोकावते आणि स्वतःच जाहीर करते, “पांढरा! म्हणजे माझा गृहपाठ होईल.” किंवा, “गुलाबी! बाबा, ताटं आत्ताच नका घेऊ.” बदामी झाला की कुणाला हाक मारावी लागत नाही, वासानेच सगळे येतात.

आईचं एक सांगायचं राहिलं. तिला व्हॉट्सॲपवर आलं होतं की चिरलेला कांदा हवेतले जंतू ओढून घेतो आणि रात्रीत विषारी होतो. तिने ते घाबरून आम्हा दोघी बहिणींना पाठवलं. मी फोन केला. “आई, कांदा जंतू ओढत नाही गं. झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला तर काही दिवस छान राहतो. ओट्यावर उघडा टाकला तर खराब होईल, पण तसं कुठल्याही चिरलेल्या भाजीचं होतं.” “मग दुधाला वास लागतो तो?” “तो लागतो. म्हणून डबा घट्ट हवा.”

मग मी तिला म्हटलं, विषाचंच पाठवायचं असेल तर हे पाठव: कुत्र्यामांजरांना कांदा खरोखरच घातक असतो. कच्चा असो की शिजवलेला, त्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांना रक्तक्षय होतो. आमच्या मनीला उरलेला रस्सा कधीच मिळत नाही, ती कितीही पायात घोटाळली तरी. आईने ते दहा मिनिटांत सगळ्या नातेवाइकांना पाठवलं, आणि मावशीकडे कुत्रा आहे म्हणून तिला वर फोनही केला.

ज्यांना रोज संध्याकाळी एवढा वेळ काढणं शक्य नाही, त्यांनी सुट्टीच्या दिवशी दीड-दोन किलो कांदा एकदमच परतून ठेवावा. बहिणीला मी हेच करायला लावलं. पसरट कढई, थोडं जास्त तेल, तासभराची तयारी. सुरुवातीला कढई शिगोशिग भरते आणि शेवटी एका वाडग्यात मावेल एवढंच उरतं, ते बघून बिचकू नका, गेलं ते पाणी. गार झाल्यावर बर्फाच्या ट्रेमध्ये चमच्या-चमच्याने भरा, घट्ट झालं की वड्या काढून पिशवीत घाला. महिनाभर पुरतात. डाळीत, रश्श्यात, अंड्यात, भातात एक-दोन टाकल्या की झालं. ट्रे मात्र कांद्यासाठी वेगळाच ठेवा, त्याचा वास नंतर किती घासला तरी जात नाही आणि पुढचं सरबत कुणी पीत नाही.