अंदमान: किनाऱ्यांआधी कैदखाने

अंदमानच्या बहुतेक सहलींत सेल्युलर जेलच्या वाट्याला एक दुपार आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम येतो. बाकीचे दिवस स्वराजद्वीपच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकच्या, किनाऱ्यांवर जातात. आम्ही हा क्रम उलटा केला, आणि यातनांचा इतिहास असलेल्या जागांच्या पर्यटनाला, ज्याला डार्क टुरिझम म्हणतात, या बेटांवर किती वाव आहे याची खात्री पटली.

जेलमध्ये सकाळी दार उघडताच जावे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. एका शाखेच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या शाखेची पाठ येईल अशी मांडणी असल्यामुळे कैद्याला समोरचा कैदी कधीच दिसत नसे, आणि हा क्रूर हिशेब गर्दी नसताना मधल्या मनोऱ्यावरून नीट उमगतो. सावरकरांच्या कोठडीपाशी मराठी माणूस थांबतोच, थांबावेच. परंतु १९३३ च्या उपोषणात सक्तीने अन्न भरवल्यामुळे प्राण गमावलेले महावीर सिंह, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास यांचे पुतळे समोरच्या बागेत आहेत, त्यांनाही वेळ द्यावा. फाशीघरात हसतमुख छायाचित्रे काढणे कृपया टाळावे.

मनावर सर्वांत खोल परिणाम झाला तो पोर्ट ब्लेअरजवळच्या हंफ्रीगंजचा. मार्च १९४२ पासून बेटे जपानच्या ताब्यात होती. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकावला आणि बरोबर महिन्याने, ३० जानेवारी १९४४ रोजी, हेरगिरीच्या संशयावरून जपान्यांनी ४४ भारतीयांना हंफ्रीगंजला गोळ्या घातल्या. त्यांतले अनेक जण नेताजींच्याच बाजूच्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे होते. सहलींच्या ठरावीक कार्यक्रमात हे स्मारक सहसा नसते, म्हणून गाडी ठरवतानाच त्याचे नाव सांगावे.

येथे आणखी स्मारके बांधण्यापेक्षा जाणकार वाटाड्यांची गरज मला अधिक वाटते. जन्मठेपेवर आलेल्या कैद्यांचे वंशज आजही येथे राहतात. त्यांच्यातील इच्छुकांना प्रशिक्षण दिले, तर इतिहास खरा सांगितला जाईल आणि मिळकतही बेटावरच राहील. मात्र २००४ च्या त्सुनामीत घरची माणसे गमावलेल्यांना स्वतःहून त्याविषयी विचारू नये, आणि जारवा आदिवासींचे राखीव क्षेत्र हा अशा पर्यटनाचा विषय कधीही होऊ नये.

ब्रिटिश प्रशासनाचे मुख्यालय असलेल्या रॉस बेटाच्या, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपाच्या, बोटी ॲबरडीन जेट्टीवरून सुटतात. साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारावा. सेल्युलर जेलच्याही आधीचा तुरुंग असलेल्या व्हायपर बेटावर उतरू देतात की नाही, याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करावी.