ऑरोराच्या (ध्रुवीय प्रकाशाच्या) फोटोसाठी कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवायचं?

हिवाळ्यात नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला किंवा स्वीडनमधल्या अबिस्कोला निघालेले बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून आकडे आधी देतो. मॅन्युअल मोड, 14 ते 24 मिमीची वाइड लेन्स, अ‍ॅपर्चर एफ 2.8 किंवा त्याहून मोठं (म्हणजे एफचा आकडा लहान), आयएसओ 1600 ते 3200, व्हाइट बॅलन्स 3500 ते 4000 केल्विन, फाइल रॉ.

शटरस्पीड मात्र आकाशाकडे बघूनच ठरवावा लागतो. क्षितिजालगत फिकट पट्टा स्थिर असेल तर 8 ते 15 सेकंद चालतात. ऑरोराचे पडदे हलू लागले की 3 ते 5 वर या. डोक्यावर चहूबाजूंनी किरण फुटले की एक-दोन सेकंद पुरे, हवं तर आयएसओ वाढवा. हलता ऑरोरा 15 सेकंद घेतला तर पडद्याच्या चुण्या एकमेकींत मिसळतात आणि नुसता हिरवा धूर उरतो. बहुतेक फोटो इथेच फसतात.

त्याखालोखाल फसतो तो फोकस. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो, आणि लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबता येत नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा मोठा करून घ्या. व्याध तिथे क्षितिजावर जेमतेम येतो, पण ब्रह्महृदय उंच असतो. त्याचा ठिपका सर्वांत बारीक दिसेपर्यंत रिंग फिरवा आणि वर चिकटपट्टी लावा. थंडीने लेन्स आकसते, त्यामुळे अधूनमधून पुन्हा तपासा.

यूव्ही फिल्टर काढूनच ठेवा. ऑरोराचा हिरवा रंग ऑक्सिजनच्या 557.7 नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीचा असतो. फिल्टरच्या दोन समांतर पृष्ठभागांमध्ये तो परावर्तित होतो आणि फोटोच्या मधोमध एकात एक वर्तुळं उमटतात. ती नंतर नीट काढता येत नाहीत.

अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीनवरचा काळपट फोटोही झगझगीत वाटतो. म्हणून ब्राइटनेस कमी ठेवा आणि हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेडाच्या आलेखावर) भरवसा ठेवा.

ट्रायपॉडचे पाय बर्फात घट्ट दाबून रोवा, नाहीतर एक्स्पोजर चालू असतानाच ते खचतात. स्टॅबिलायझेशन बंद, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. गारठून उतरलेली बॅटरी ऊब मिळाल्यावर पुन्हा थोडी चालते, ती फेकू नका. लेन्सवर फुंकर मारू नका, बाष्प तिथेच गोठतं. हँडवॉर्मरची पुडी रबरबँडने लेन्सभोवती बांधली तर दव धरत नाही.

जागेचं म्हणाल तर ट्रॉम्सो ऑरोराच्या पट्ट्याखालीच आहे, केपी (भूचुंबकीय हालचालीचा 0 ते 9 निर्देशांक) 2 असला तरी पुरतो. खरी अडचण ढगांची. किनाऱ्यावर ढग असले तर फिनलंडच्या सीमेकडे, आत जावं लागतं. अबिस्कोला पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात, तिथे निरभ्र रात्रींची शक्यता जास्त.

परत येताना घाई नको. एसी गाडीतून कोकणातल्या जुलैत कॅमेरा बाहेर काढल्यावर काच जशी धुरकटते, तसंच इथे गरम खोलीत शिरताना होतं, आणि ते पाणी आतल्या सर्किटवरही बसतं. बाहेर असतानाच मेमरी कार्ड काढून घ्या, कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा दाबून बंद करा आणि खोलीत दोन तास तरी ती पिशवी उघडू नका.