हाय वान घाटाच्या पायथ्याशी तुटलेला हँगर

नारायण पेठेत माझं सायकल रिपेरिंगचं छोटं दुकान आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्यातला अकरा जणांचा ग्रुप व्हिएतनामला सायकलिंगला निघाला आणि मेकॅनिक म्हणून मला बरोबर घेतलं. त्यातला हाय वान घाट ओलांडून ह्युए ते दा नांग हा साधारण १०० किलोमीटरचा दिवस डोक्यातून जात नाही, कारण त्या दिवशीची चूक माझी होती.

मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणारा भाग, फ्रेमला ज्या बोटभर पट्टीवर लटकतो तो हँगर. ॲल्युमिनियमचा, मुद्दाम मऊ ठेवलेला, म्हणजे सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. प्रत्येक मॉडेलचा वेगळा, एकाचा दुसऱ्याला सहसा बसत नाही. मी दहा जणांचे स्पेअर हँगर पिशवीत टाकले होते. अकरावी सायकल काकूंची. काकू कोथरूडच्या, वय ६१, दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात, पण निघायच्या चार दिवस आधी त्यांनी सायकल बदलली आणि तिचा हँगर पुण्यात कुठेच मिळाला नाही. विमानात नेमका त्यांचाच वाकला. ह्युएच्या हॉटेलात मी तो पाना लावून डोळ्याच्या अंदाजाने सरळ केला, गिअर पडत होते, म्हटलं चालेल. वाकलेलं ॲल्युमिनियम सरळ केलं की तिथेच कमजोर होतं हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी काकूंना जपून चालवा असं एका शब्दाने सांगितलं नाही.

सकाळी ह्युएहून निघालो तेव्हा भुरभुर पाऊस, थंडी, दोन्हीकडे भातशेती. तिकडे वाहतूक उजवीकडून, त्याची सवय दोन दिवसांत होते पण थांबायची सवय काही लवकर जात नाही. आपल्याकडे आपण डावीकडे थांबतो, सायकल डाव्या अंगाने कठड्याला टेकवतो आणि चेनची बाजू मोकळी राहते, तिथे थांबायचं उजवीकडे म्हणजे कठड्याकडे चेन आणि डिरेलर. घाटाच्या पायथ्याच्या लांग को गावाच्या अलीकडे खाडीजवळ फोटोसाठी थांबलो तिथे काकूंची सायकल घसरून त्याच अंगावर पडली. मी लांबून बघितलं, त्या उचलून पुढे निघाल्या, मीही निघालो. तिथे उतरून एकदा हात लावून बघायला हवं होतं.

घाट सुरू होऊन अर्धा किलोमीटर झाला असेल, काकूंनी हलका गिअर टाकला आणि कडकन आवाज आला. हँगर तुटून डिरेलर स्पोकमध्ये गेलेला, दोन स्पोक वाकलेले. म्हटलं, "काकू, व्हॅनमध्ये बसता का?" तर म्हणाल्या, "अरे, एवढ्या लांब मी घाट चढायलाच आले ना? तू बघ काही होतंय का."

डिरेलर काढून टाकला, चेन तोडून छोटी केली आणि पुढच्या लहान चक्रावरून मागे २८ दातांवर एकाच गिअरला बांधली. चार पेडल मारले की चेन शेजारच्या मोठ्या चक्रावर चढायची आणि आवळून बसायची. तीनदा केलं, तीनदा तेच. शेवटी सायकल ढकलत खाली गावात आलो, तिथे रस्त्याकडेला एका आजोबांचं मोटरसायकल रिपेरिंगचं दुकान होतं, पत्र्याचं शेड, हवेचा काँप्रेसर, आतून रेडिओचा आवाज.

भाषा शून्य. मी तुटका हँगर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा करून तुटलेली कड नखाने घासली, तिथे अर्धा भाग जुना काळपट आणि अर्धा ताजा चकचकीत होता. त्यांनी काळपट भागावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मला काय ते कळलं आणि मान खाली गेली.

मग त्यांनी लोखंडी पट्टीचा वीतभर तुकडा घेतला, शिकंज्यात धरून काटकोनात वाकवला, टोकाला भोक पाडलं, आमच्याच डिरेलरचं छोटं चाक त्यात बोल्टने बसवलं आणि ती पट्टी फ्रेमच्या मागच्या दांडीला पाइपच्या क्लिपने आवळली, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालून, रंग जाऊ नये म्हणून. चाकाने खालची चेन वर उचलून धरली. पेडल फिरवलं, चेन जागची हलली नाही. हे मला सुचायला हवं होतं, सुटं चाक माझ्या हातातच होतं. पाऊण तासाचं काम, त्यांनी पन्नास हजार डोंग घेतले, म्हणजे आपले साधारण १७० रुपये, जास्त देत होतो ते परत केले. जाताना मी माझं चेन तोडायचं हत्यार त्यांना दिलं, ते मात्र ठेवून घेतलं.

घाटाखालून २००५ साली सव्वासहा किलोमीटरचा बोगदा झाला, त्यात सायकलला बंदी, त्यामुळे वरचा जुना रस्ता जवळजवळ मोकळा, मोटरसायकली आणि बोगद्यात सोडत नाहीत ते पेट्रोलचे टँकर एवढेच. काकू एका गिअरवर, कुठेही न उतरता, मी मागे पट्टीकडे बघत. ४९६ मीटरवर माथा, तिथे १८२६ साली बांधलेली वेस आणि शेजारी युद्धातले बंकर. ढगातून वर आलो आणि पलीकडे दा नांगच्या बाजूला लख्ख ऊन होतं. काकू वेशीच्या पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता तूही बस जरा." तेव्हा मी त्यांना ह्युएची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत, पाण्याची बाटली पुढे केली.

दा नांगला तिसऱ्या दुकानात जवळपास तसा हँगर मिळाला, कानस मारून बसवला. हँगरचं गेज, म्हणजे तो सरळ आहे का बघायचं हत्यार, मी वजन वाचवायला पुण्यातच ठेवलं होतं. पण क्विक रिलीजवाल्या, म्हणजे खटका फिरवून सुटणाऱ्या, मागच्या चाकाच्या एक्सलचे आटे आणि हँगरचे आटे एकच, १० मिमी जाडीचे, दोन आट्यांत १ मिमी अंतर. दुसऱ्या सायकलचं असं चाक काढून त्याचा एक्सल हँगरमध्ये फिरवून बसवला आणि ते चाक सायकलच्या मागच्या चाकाला समांतर दिसलं की हँगर सरळ. रात्री साडेअकरापर्यंत हॉटेलच्या पार्किंगमध्ये बसून असे अकराही तपासले. आणखी दोन वाकडे निघाले. ते सरळ करत बसलो नाही, नवीनच टाकले.