कम्युनिटी गार्डनचा प्लॉट: माझा अनुभव

कम्युनिटी गार्डन म्हणजे सामायिक बाग, तिथे भाज्या लावायला जमिनीचा छोटा तुकडा भाड्याने मिळतो. तसा एक प्लॉट मी घेतला. फॉर्म, डिपॉझिट वगैरे पटकन झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकलं ते वेटिंग लिस्टवर. लोक जास्त आणि जागा कमी म्हटल्यावर थांबावं लागणारच, ते मला मान्य आहे. पण कुंपणातून आत बघितलं तर कितीतरी प्लॉट ओसाड, कमरेएवढं गवत, आणि ऑफिसात विचारलं की एकच उत्तर, "सगळे प्लॉट दिलेले आहेत, भाडं भरलेलं आहे." अहो भाडं भरलंय पण तिकडे कोणी फिरकत नाही आणि त्या गवताचं बी शेजारच्यांच्या वाफ्यांत पडतंय, त्याचं काय? तर "पुढच्या महिन्यात बघू". आजही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी नियमांची प्रत मागून घेतली. त्यात स्पष्ट लिहिलेलं की प्लॉट पडीक ठेवला तर नोटीस द्यायची, तरी लागवड केली नाही तर काढून घ्यायचा. म्हणजे नियम होता, नोटीस कोणी काढतच नव्हतं! मग त्या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, अर्धा प्लॉट दिलात तरी चालेल असंही लिहिलं, तेव्हा कुठे हालचाल झाली. तोंडी विचारत बसू नका, लेखीच द्या. आणि अर्ध्या प्लॉटचं नक्की विचारा, नव्या माणसाला तेवढाच झेपतो.

माझ्या वाट्याला आलेल्या जागेत लव्हाळा माजला होता. अशा तणात टिलर (माती उकरायचं यंत्र) अजिबात फिरवू नका, जमिनीतल्या गाठी सुट्या होऊन सगळीकडे पसरतात आणि प्रत्येक गाठ नव्याने फुटते. कुदळीने गाठीसकट काढायचा, परत परत. शेजारच्या प्लॉटवरच्या काकांनी हे दाखवलं, वर मुळ्याचं बीही दिलं. अशी माणसं भेटतात हा खरंच मोठा फायदा आहे, घरच्या कुंड्यांमध्ये हे मिळत नाही, आणि स्वतः लावलेला टोमॅटो वेलीवरच पिकू देऊन खाण्यातलं सुखही वेगळंच.

हो, प्लॉट घ्यायच्या आधी नळ किती लांब आहे ते बघा, आणि ऊनही. टोमॅटो-वांग्याला रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या ३-४ तासांतही येतात. शहरातली जुनी जागा किंवा मोठा रस्ता जवळ असेल तर मातीत शिसं आहे का ते तपासून घ्या, जास्त निघालं तर उंच वाफे करून बाहेरची चांगली माती भरा.

रिन्यूअलची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा, ऑफिसातून कोणी आठवण करत नाही आणि तारीख गेली की परत लिस्टच्या शेवटी.