तुम्ही विचारलंत म्हणून: वापरलेलं एअर पिस्तूल घ्यावं का?

मुलांना नेमबाजीच्या रेंजवर सोडायला येणारे आईबाबा मला हमखास विचारतात, "मॅडम, एकाचं वापरलेलं पिस्तूल स्वस्तात मिळतंय. घेऊ का?" प्रश्न दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचा असतो. नवं परदेशी घ्यायचं तर लाखाच्या बरंच वर जातं, त्यामुळे हा प्रश्न पडणारच. माझं उत्तर: जरूर घ्या, पण मुलाचा हात त्यात बसतो का आणि पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख कोणती आहे, हे पाहिल्याशिवाय पैशांचं बोलूच नका.

मूल नुकतंच येऊ लागलं असेल तर थांबा. जवळजवळ किलोभर वजन एका हाताने, खांद्याच्या उंचीवर स्थिर धरायला शिकण्यातच पहिले महिने जातात. निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं असतं. तिथवर पोचायला लागणारं होल्डिंग रेंजच्या पिस्तुलावरही तयार होतं. घरच्यांनी कर्ज काढलंय हे कळलेलं मूल प्रत्येक पेलेटगणिक, म्हणजे छऱ्यागणिक, दडपणाखाली खेळतं, आणि ते मला बघवत नाही.

आता ग्रिप, म्हणजे मूठ. लाकडी ग्रिप मापाप्रमाणे येते, डावखुऱ्यांची वेगळी. शिवाय खेळाडू ती कानशीने घासतो, कुठे पुट्टी भरतो, आपल्या तळहाताला जुळवून घेतो. म्हणजे वापरलेल्या पिस्तुलावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात कोरलेला असतो. ग्रिप मोठी पडली की बोट ट्रिगरवर नीट पोचत नाही, दाब तिरका पडतो आणि नेम धरलेला असूनही पेलेट बाजूला जातो. मग मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा हात तर अजून वाढायचा असतो. ग्रिप वेगळी विकत मिळते. तो खर्च आधीच हिशेबात धरा.

सिलिंडरच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. त्यात २०० बारपर्यंत दाबाने हवा भरतात. उत्पादक त्याची मुदत सहसा दहा वर्षं धरतात आणि तारीख सिलिंडरवरच असते. ते मुदतीत असणं ही आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नेमबाजाची जबाबदारी आहे. "अजून मस्त चालतंय हो," असं विकणारा म्हणेल. चालत असेलही, पण ते तुमच्या मुलाच्या हातात असणार आहे. मुदत संपली असेल किंवा संपत आली असेल, तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच भाव ठरवा.

तारीख ठीक असेल तर सिलिंडर भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाबाचा काटा उतरलाय का पाहा. उतरला असेल तर बहुधा सील गेलेलं असतं, ते बदलता येतं. मग नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावून उचला. ट्रिगर सुटता कामा नये. सुटला आणि ट्रिगरचा दाब ठरवणारा स्क्रू फिरवूनही जागेवर राहत नसेल, तर आतले भाग झिजलेत असं समजा.

सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस भारतात आहे का, हेही विचारा. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर, म्हणजे पिस्तूल सज्ज करायची दांडी, मध्येच मोडला. दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ऑलिंपिकच्या दर्जाचं पिस्तूलही मोडतं. जिल्हा स्पर्धेच्या सकाळी ते मोडलं तर कुणाला फोन करायचा, हे आधी ठरलेलं असावं.

४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तरी मूळ बिल घ्या, त्यावरचा नंबर पिस्तुलाशी ताडून पाहा आणि विक्री लिहून घ्या. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिचं नाव घेऊन काही मुलं थेट पंचवीस मीटरचं पॉइंट टू टू, म्हणजे काडतुसाचं पिस्तूल मागतात. त्याला परवाना लागतो, आणि त्याचा विचार खूप पुढचा.

विकणाऱ्याला पिस्तूल रेंजवर आणायला सांगा, मुलाला निवांत मारून पाहू द्या. तो टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. दुसरं मिळेल. दहावी-बारावीला खेळ सोडणारी मुलं दरवर्षी असतात, आणि त्यांची पिस्तुलं परीक्षा जवळ आल्या की विकायला निघतात.