पेटीवर नसलेली जागा

मंगळवार, २२ जुलै २०२५

परवा दिव्यांची अवस आहे, म्हणून संध्याकाळी माळ्यावरच्या समया आणि निरांजने खाली काढली, चिंचेच्या कोळात भिजत घातली आणि ती भिजेपर्यंत हेडफोन लावून बसले. काय ऐकायचे ते सकाळीच ठरले होते. ‘ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन’ हा इंग्लंडमधले ब्लूज गायक-वादक जॉन मेयॉल यांचा, गिटारवादक एरिक क्लॅप्टनबरोबरचा अल्बम डेक्का कंपनीने २२ जुलै १९६६ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला आणि गेल्या वर्षी याच तारखेला, म्हणजे बरोबर ५८ वर्षांनी, मेयॉल कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरी वारले. ते ९० वर्षांचे होते. बातमी वाचली त्या दिवशीच मनाशी म्हटले होते की पुढच्या २२ जुलैला हा अल्बम केवळ त्यांच्यासाठी ऐकायचा, म्हणजे क्लॅप्टनच्या गिटारमागे जे चालले आहे त्याकडे कान लावून ऐकायचा.

असे ठरवून बसावे लागते, कारण आमच्या घरात हा अल्बम आला तो गिटारसाठी. दादा कॉलेजात असताना त्याने ती कॅसेट कुणाकडून तरी भरून आणली होती, तिच्या कागदावर बॉलपेनने गाण्यांची नावे लिहिली होती आणि ज्या गाण्यांत गिटार कडाडत नाही ती गाणी तो सरळ पुढे ढकलत असे. मेयॉल यांनी केवळ आवाज, माउथ ऑर्गन आणि टाळ्यांवर म्हटलेले ‘अनदर मॅन’ आमच्याकडे कधी पूर्ण वाजलेच नाही. ‘पार्चमन फार्म’ही तसेच जात असे, आणि अमेरिकेतले जुने ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन यांचे ‘रॅम्बलिन ऑन माय माइंड’सुद्धा. दादा पट्टीचा ऐकणारा होता आणि अजूनही आहे, त्यामुळे त्याच्या आवडीला मी नावे ठेवणार नाही. पण त्याने वगळलेली गाणी मला कितीतरी वर्षांनी, माझी मीच शोधून ऐकावी लागली.

दादा ज्यासाठी वेडा झाला होता ते आजही तितकेच खरे आहे, म्हणून आधी तेच लिहिते. १९६६ च्या वसंतात लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेड भागातल्या डेक्काच्या स्टुडिओत क्लॅप्टन आपली गिब्सन लेस पॉल गिटार आणि मार्शलचा अॅम्प्लिफायर घेऊन गेला, तेव्हा तो नुकताच २१ वर्षांचा झाला होता. त्या काळी स्टुडिओत गिटारचा आवाज बेताचा ठेवून माइक अॅम्प्लिफायरला जवळजवळ चिकटवून लावण्याची पद्धत होती. क्लॅप्टनने मात्र कार्यक्रमात वाजवतो तितक्याच मोठ्या आवाजात वाजवीन असा हट्ट धरला. ध्वनिमुद्रक गस डजन हा आवाज ऐकून हबकून गेले होते. निर्माते माइक व्हर्नन यांनी त्याला तसे वाजवू दिले. त्या अॅम्प्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असतात, आणि त्यांच्या कुवतीपलीकडे आवाज चढवला की ते आलेला स्वर जसाच्या तसा पुढे पाठवू शकत नाहीत. स्वराची टोके दबतात, त्याच्यासोबत उपस्वर उमटू लागतात आणि छेडल्याबरोबर विरून जाणारी तार गळ्यातल्या स्वरासारखी रेंगाळत राहते. गिटार छेडण्याचे वाद्य आहे, हेच क्षणभर विसरायला होते. सारंगीवर गज फिरावा तसा स्वर टिकतो, आणि स्वर टिकला की त्यावर कंप देता येतो, तार ओढून त्याला वर नेता येते, तिथे थांबवता येते.

लेस पॉल गिटारची ती जात गिब्सनने १९६० नंतर बनवणे बंद केले होते आणि पुढे १९६८ मध्ये तिचे उत्पादन पुन्हा सुरू केले, त्यामागे या अल्बमच्या आवाजाचा वाटा मोठा आहे. प्रत्यक्ष क्लॅप्टनची ती गिटार मात्र १९६६ मध्येच, ‘क्रीम’ या त्याच्या पुढच्या बँडच्या सुरुवातीच्या तालमींच्या वेळी, चोरीला गेली. एखाद्या वाद्याचा पुढच्या साठ वर्षांच्या संगीतावर असा ठसा उमटावा आणि त्याच्या धन्याला ते फार काळ लाभू नये, या गोष्टीची मला दर वेळी हळहळ वाटते.

आज हेडफोनमध्ये पहिले गाणे सुरू झाले, ‘ऑल युअर लव्ह’. हे मूळचे शिकागोच्या ओटिस रश यांचे, १९५८ चे. मूळ गाणे मी अनेकदा ऐकले आहे, आणि गाण्यापुरते बोलायचे तर रश यांच्यापुढे मेयॉल उभे राहू शकत नाहीत, हे मान्य करायलाच हवे. रश यांच्या आवाजाला पोटातून आलेली धग आहे. मेयॉल यांचा आवाज वरच्या पट्टीतला, पातळ, किंचित घुसमटलेला आहे. ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत आहे, त्यांच्या राबण्यातून आणि स्थलांतरातून आलेले आहे, आणि इंग्लंडमधली ही मुले ते ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून शिकली होती. या अल्बमच्या बारांपैकी निम्म्याहून अधिक गाणी दुसऱ्यांची आहेत: फ्रेडी किंग, रे चार्ल्स, मेम्फिस स्लिम, लिटल वॉल्टर, मोज अॅलिसन. मेयॉल यांनी हे ऋण कधी लपवले नाही. आयुष्यभर ते आपल्या श्रोत्यांना मूळ गायकांकडे जायला सांगत राहिले, आणि मीही याच वाटेने रश यांच्यापर्यंत पोहोचले.

मेयॉल १९३३ मध्ये मॅकल्सफील्डला जन्मले. वडिलांच्या जॅझच्या तबकड्या ऐकत ते वाढले, सक्तीच्या लष्करी सेवेत कोरियाला गेले, मँचेस्टरच्या कला महाविद्यालयात शिकले आणि ब्लूज संगीतकार अॅलेक्सिस कॉर्नर यांच्या सांगण्यावरून वयाच्या तिशीच्या सुमारास लंडनला आले. म्हणजे हा अल्बम झाला तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि क्लॅप्टनपेक्षा अकरा वर्षांनी मोठे. क्लॅप्टनने १९६५ मध्ये ‘यार्डबर्ड्स’ हा आपला बँड सोडला तो त्या बँडची वाट लोकप्रिय गाण्यांकडे वळली म्हणून. मेयॉल यांनी त्याला बोलावून घेतले, आणि ली ग्रीनमधल्या मेयॉल यांच्या घरातल्या एका एवढ्याशा खोलीत राहून तो त्यांच्या तबकड्यांचा संग्रह ऐकत बसला. मग त्याच वर्षी तो मित्रांबरोबर ग्रीसला निघून गेला. काही महिन्यांनी परतला तेव्हा मेयॉल यांनी त्याला त्याची जागा परत दिली आणि मधल्या काळात आलेल्या तरुण गिटारवादक पीटर ग्रीनला बाजूला व्हावे लागले. ग्रीनच्या बाजूने पाहिले तर हे कठोरच होते, पण क्लॅप्टन ‘क्रीम’कडे गेल्यावर मेयॉल यांनी पुन्हा ग्रीनलाच बोलावले, तो ‘फ्लीटवूड मॅक’कडे गेल्यावर मिक टेलरला घेतले, आणि टेलरही पुढे ‘रोलिंग स्टोन्स’मध्ये गेला. एकामागून एक मुले तयार होऊन गेली आणि दर वेळी त्या रिकाम्या जागेवर नवा मुलगा बसवून मेयॉल पुढे वाजवत राहिले.

मी पेटीवर साथ करते, म्हणून मला हे असे ऐकू येत असावे. आमच्या गाण्याच्या बाई गाता गाता डावा हात हळूच माझ्या भात्यावर ठेवत असत. हात जोराचा नसे, नुसता टेकवलेला असे, आणि त्याचा अर्थ, आता थांब. सुरुवातीला मला त्याचा राग येई. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की हात नेमका त्या वेळी येतो जेव्हा बाई गंधारावर जातात, आणि तोही कोमल गंधाराच्या जरा वरच्या, शुद्धाच्या अलीकडच्या गंधारावर. पेटीवर ती जागा नाही. एक काळी पट्टी आहे, तिच्याशेजारी पांढरी आहे, आणि मधले जे बाईंच्या गळ्यात आहे ते पेटीने गप्प राहूनच द्यायचे असते.

ब्लूजचा प्राण नेमका त्याच जागेत आहे. क्लॅप्टन तार ओढतो आणि कोमल गंधारावरून निघून शुद्धापर्यंत न पोहोचता मध्येच कुठेतरी थबकतो. ऑर्गनवर बसलेल्या मेयॉल यांना ती जागा दिसते, पण तिथे त्यांना जाता येत नाही. ‘हॅव यू हर्ड’ हे त्यांचे स्वतःचे, जवळजवळ सहा मिनिटांचे संथ गाणे आज मी तीनदा ऐकले. सुरुवातीला अॅलन स्किडमोर यांचा सॅक्सोफोन आहे, मग मेयॉल यांचे गाणे, आणि मग गिटार अशी काही येते की दादा जिन्यात असला तरी धावत वर येत असे. प्रत्येकी चार मात्रांच्या बारा घरांचा एक फेरा, प्रत्येक मात्रेचे आत तीन भाग, आणि ह्यूई फ्लिंट यांचे ड्रम व जॉन मॅकव्ही यांचा बास हा फेरा न ढळता धरून असतात. आज मी गिटार बाजूला सारून फक्त मागचे ऐकायचा प्रयत्न केला. ऑर्गन कुठे पुढे सरसावत नाही. गाणे त्यांचे, मेळ त्यांचा, वेष्टनावर नाव आधी त्यांचे, आणि सगळ्यात उंच जागा आली की ते त्या मुलाच्या मागे राहून आधार धरून ठेवतात. असे करायला मोठे मन लागते आणि तितकाच तयार कानही लागतो, हे मी साथीला बसून शिकले आहे.

दुसऱ्या बाजूला ‘रॅम्बलिन ऑन माय माइंड’ येते. रॉबर्ट जॉन्सन यांनी ते नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला ध्वनिमुद्रित केले होते. इथे ते क्लॅप्टन गातो. मुख्य गायक म्हणून ध्वनिमुद्रित झालेले हे त्याचे पहिले गाणे. ड्रम नाहीत, बास नाही. त्याचा आवाज, त्याची गिटार आणि मेयॉल यांचा पियानो, एवढेच. इतर गाण्यांत सिंहासारखा वाजवणारा हा मुलगा गायला लागला की त्याचा आवाज लहान, जपून टाकलेल्या पावलांचा होतो. पियानो त्याच्या शेजारून चालतो. ओळ संपली की दोन-चार स्वर भरतो, ओळ सुरू झाली की मागे होतो. आणि तिथे ऐकू येते ते असे, की जो गंधार पियानोवर नाही त्याच्या अल्याड-पल्याडच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम वाजतात, एक दुसरीवर घसरत जाते, आणि कानाला मधल्या जागेचा भास होतो. ब्लूज वाजवणारे पियानोवादक हे नेहमीच करतात. पण माझ्या बोटांना ते आज पहिल्यांदाच नीट कळले. हेडफोन काढून मी पेटी पुढे ओढली आणि काळी पट्टी नखाएवढ्या वेळाने आधी दाबून पांढरीवर आले. बाईंचा गंधार त्यात नव्हताच, पण तो कुठे आहे एवढे दाखवता येत होते.

बोटांना चिंचेचा वास तसाच होता आणि पांढऱ्या पट्टीवर त्याचा डाग उमटला, तो ओल्या फडक्याने पुसला. मग उरलेली दोन गाणी ऐकली. शेवटच्या ‘इट एन्ट राइट’मध्ये माउथ ऑर्गन धावत सुटतो आणि अल्बम संपतो. मुखपृष्ठावर ओल्ड केंट रोडवरच्या एका भिंतीपुढे चौघे बसले आहेत, क्लॅप्टन ‘बीनो’ नावाचे मुलांचे चित्रसाप्ताहिक उघडून त्यात डोके घालून बसला आहे, आणि त्यामुळे रसिक या अल्बमला ‘बीनो’ म्हणूनच ओळखतात. मेयॉल यांच्या चेहऱ्याकडे मी आज पहिल्यांदा निरखून पाहिले.

समया घासून झाल्या की दादाला फोन करणार आहे. इतकी वर्षे त्याने पुढे ढकललेल्या त्या गाण्यातला पियानो त्याने कधी ऐकला आहे का, एवढेच विचारायचे आहे, आणि ऐकला नसेल तर फोन पेटीजवळ ठेवून त्या दोन पट्ट्या वाजवून दाखवायच्या आहेत.